चिकटपट्टीमागचे सातशे ग्रॅम

त्या खोलीत एकूण नऊ वस्तू होत्या. स्टीलचे टेबल एक, औषधांचे कपाट एक, खुर्च्या दोन, वाकवता येणारा दिवा एक, भिंतीवरचे घड्याळ एक, नोंदवही एक, झाकणाची बादली एक आणि नववा मी. जिवंत म्हणाल तर तिघे: प्राण्यांच्या डॉक्टरबाई, त्यांच्या मदतनीस मावशी, आणि कपाटाखाली शिरलेला एक कुत्रा. त्याचे फक्त शेपूट बाहेर होते आणि ते थरथरत होते.

मी वजनकाटा आहे, मित्रांनो. जमिनीवर बसणारा, शंभर किलोंपर्यंतचा, जुन्या पद्धतीचा. माझ्या तबकडीवर शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा आहेत. मला घडवले त्या दिवशी कारखान्यात पाच-पाच किलोंची वीस प्रमाण वजने एकामागून एक माझ्यावर ठेवली गेली. वीसही वेळा काटा नेमक्या रेघेवर थांबला. तेव्हा वाटले, आपल्याला आयुष्यात भिण्याचे काही कारण नाही.

पुढची चौदा वर्षे मी पार्सल कचेरीत काढली. गाठोडी, पेट्या, पुस्तकांचे गठ्ठे. दर वर्षी तपासनीस यायचे, मला तपासायचे आणि पाठीवर शिक्का मारायचे. हमाल म्हणायचे, "काटा असावा तर असा!" मी फुगून जायचो. फुगलो तरी वजन बदलू द्यायचो नाही. मग कचेरीत आकडे उजळणारे नवे काटे आले आणि मी या दवाखान्यात आलो. इथे तपासनीस येत नव्हते. इथे काही विकले जात नव्हते, मग कोण कशाला येईल?

गाठोडी घाबरत नाहीत. कुत्री घाबरतात, हे मला इथे कळले. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. वर उभा असलेला जीव थरथरला की ती थरथरते आणि काटा थांबेनासा होतो. तुम्हाला दुसऱ्याची भीती दिसते. माझ्या अंगातून ती जाते.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. एकदा एका दांडग्या कुत्र्याच्या साखळीचा आकडा माझ्या काचेवर आपटला आणि शून्यापाशी तडा गेला. मावशींनी जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी घेतली आणि तड्यावर लावून टाकली. शून्यापासून दोन किलोंपर्यंतच्या रेघा झाकल्या गेल्या.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "दोन किलोंचा कोण येतोय याच्यावर? पिल्लांना कपाटातला छोटा काटा आहेच."

पुढच्याच आठवड्यात एक म्हातारी कुत्री माझ्यावरून घसरली. माझ्यावर रबराची पातळ चटई होती, दोनशे ग्रॅमची. मावशींना वाईट वाटले. त्यांनी घरून एक जाड, खडबडीत चटई आणली. ती भरली नऊशे ग्रॅम. चटई बदलली की माझ्या मागचा पितळी स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा असतो. तो कोणी फिरवला नाही. वर कोणी नसतानाही माझा काटा पट्टीच्या आड सातशेवर जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून मी खोटे बोलू लागलो. प्रत्येक जिवाला सातशे ग्रॅम जास्त. नोंदवहीत ते उतरायचे, त्यावरून औषध ठरायचे, आणि मला तोंड नव्हते. रोज सकाळी दार उघडले की माझ्या मनात एकच यायचे: आज माझ्यामुळे कोणाचे काय होणार?

अशात तो आला. मालमोटारींच्या तळावरून, मागचा पाय चिरडलेला. काथ्याच्या रंगाचा म्हणून मावशींनी त्याचे नाव काथ्या ठेवले. दवाखान्यामागे नऊ पिंजरे होते. तिथे तीन आठवडे ठेवायचे, बरे करायचे, कोणी घरी नेले तर ठीक, नाहीतर जिथून आणले तिथे सोडायचे, असा रिवाज होता.

पहिल्या दिवशी काथ्या माझ्यावर दगडासारखा उभा राहिला. भीतीने कधी कधी कुत्री गोठतात. डॉक्टरबाईंनी आकडा वाचला, "बारा किलो चारशे," आणि त्यावरून भुलीचे औषध सुईत भरले. मला ओरडायचे होते. पायाची शस्त्रक्रिया झाली आणि काथ्या लवकर उठेना. मावशी त्याच्या नाकासमोर तळहात धरून बसल्या. मी भिंतीवरचे घड्याळ ऐकत राहिलो. शेवटी तो उठला. "हाडकुळ्या जिवांना वेळ लागतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. तेच कारण असेल. सातशे ग्रॅमने तेवढा फरक पडतो की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या दोन तासांत माझ्या स्प्रिंगवर काहीही नसताना ती ताणलेली होती.

त्यानंतर काथ्याला ही खोली नको झाली. आत आणले की तो सरळ कपाटाखाली.

त्याचे तीन आठवडे संपायला दोन दिवस उरले असताना एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी आली. वडील तिला ठकू म्हणत. ठकूने काथ्याला चुचकारले नाही, शीळ घातली नाही. ती कपाटासमोर पोटावर पालथी पडली.

"बाबा, हा किती भराभर श्वास घेतोय! घड्याळ धरा, मी मोजते."

"अगं, कपडे!"

"धरा ना!"

अर्ध्या मिनिटात अठ्ठेचाळीस भरले. ठकू उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, हाच."

घड्याळवाल्यांनी डोके खाजवले. "ठकू, घाई नको. याचे आईबाप कोण, जात कुठली, काही पत्ता आहे का? बाहेर ते पिल्लंवाले काका बसलेत. ते पिल्लं विकतात, त्यांच्याकडे पणजोबापर्यंतचे कागद आहेत. मी बिनकंपनीचं घड्याळ दुरुस्तीला घेत नाही, माहीत आहे ना तुला?"

"आणि तुमच्या हातात काय आहे? तबकडी एकाची, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं!"

"आणि पट्टा चौथ्याचा असेल!" मावशी फिसकन हसल्या.

"पट्टा नवा आहे," घड्याळवाले गंभीरपणे म्हणाले.

डॉक्टरबाईंनी विचारले, "तुमच्या इमारतीत वजनाचा काही नियम आहे का?"

"बारा किलो. मागे कोणाच्या तरी धिप्पाड कुत्र्याने जिन्यात एका आजोबांना पाडलं, तेव्हापासून. तुमच्या सहीचा कागद लागेल. आमचे व्यवस्थापक शंभर ग्रॅमसुद्धा सोडायचे नाहीत."

डॉक्टरबाईंनी नोंदवही उघडली. बोट एका ओळीवर थांबले. "बारा-चारशे."

ठकूने वही आपल्याकडे वळवून ती ओळ स्वतः वाचली.

"त्या काकांची पिल्लं मोठी होऊन दहाच्या वर जात नाहीत," घड्याळवाले हळूच म्हणाले. "कुत्रा तर आणतोय ना आपण? मी काही नाही म्हणतोय का?"

"याचं काय होणार मग?" ठकूने मावशींना विचारले.

"परवा गाडी येईल."

"कुठे नेईल?"

मावशींनी उगाच टेबल पुसायला घेतले. "जिथनं आणला तिथं, बाळा."

मित्रांनो, माझी त्या क्षणी काय अवस्था झाली हे मी सांगू शकत नाही. त्या तळावरून आलेला काथ्याचा चिरडलेला पाय मी पाहिला होता. तो तिथे परत जाणार होता, आणि त्याला पाठवणारा आकडा माझा होता. खरा आकडा माझ्यापाशी होता, फक्त दोन बोटे रुंदीच्या चिकटपट्टीमागे.

"पुन्हा वजन करा ना," ठकू म्हणाली. "एकदाच."

मावशींनी काथ्याला ओढून पाहिले. त्याने चारही पाय फरशीत रोवले, नखे करकरली, आणि तो असा केकाटला की बाहेर बसलेली कुत्रीही गप्प झाली. "नको, नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो उभा राहणार नाही."

"मी उचलून घेतलं तर? आम्ही दोघं उभे राहतो. मग मी एकटी. मग वजा करायचं."

"चावला म्हणजे?" वडिलांचा आवाज चढला.

पण ठकू पुन्हा पालथी पडली होती. तिने हात कपाटाखाली ठेवला आणि हलवला नाही. बऱ्याच वेळाने काथ्याने तो हुंगला. तिने त्याला उचलले आणि पोटाशी घट्ट धरले. ती माझ्यावर चढली आणि माझ्या अंगातून एकाच वेळी दोन भीत्या गेल्या, एक बारीक आणि एक जाड.

"काटा थांबत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घड्याळवाल्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरले. "साठ सेकंद. सत्तर. नव्वद झाले."

"त्रेचाळीस आणि त्रेचाळीस-सहाशेच्या मध्ये हेलकावतोय. मधला धरू, त्रेचाळीस-तीनशे. सोड त्याला. आता तू एकटी."

काथ्या कपाटाखाली पळाला. काटा ठकूवर लवकर थांबला. "एकतीस-सातशे."

ठकूने डोळे मिटून वजाबाकी केली. "अकरा-सहाशे! बाबा, बाराच्या आत!"

मला वाटले, सुटलो. पण डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी आली. "तीन आठवड्यांत आठशे ग्रॅम घटला? याला आत काहीतरी झालंय. आजारी कुत्रा मी कोणाच्या घरी देऊ शकत नाही."

ठकूचा चेहरा पांढरा पडला. घड्याळवाल्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडे पाऊल टाकले. माझ्या खोटेपणाने आता काथ्याला आजारीही ठरवले होते.

"पण..." ठकू जागची हलली नाही. "मी एकतीस-सातशे नाहीये. सोमवारी शाळेत एकतीस भरले. वहीत लिहिलंय."

"जेवून आली असशील."

"मी काय सातशे ग्रॅम जेवते?"

घड्याळवाले थांबले. मग ते वळले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. आयुष्यभर काटे पाहणाऱ्या माणसाची नजर वेगळी असते. खिशातून त्यांनी छोटे भिंग काढून डोळ्याला लावले.

"या पट्टीखाली काय आहे?"

"तडा गेलाय," मावशी म्हणाल्या.

त्यांनी नखाने पट्टीचे टोक उचलले आणि ती सावकाश सोलली. किती महिन्यांनी माझ्या शून्यावर उजेड पडला.

"वर कोणी नाहीये," घड्याळवाले म्हणाले, "आणि हा सातशे दाखवतोय."

"म्हणजे काथ्या आला तेव्हाही सातशे जास्त होते," ठकू भराभर बोलू लागली. "तेव्हा तो अकरा-सातशेच असणार! आणि आज दोन्ही वेळा सातशे जास्त आले, म्हणून वजा करताना ते गेले. तो नाही घटला!"

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! चटई! मीच आणली."

"तुम्ही ती कोणी घसरू नये म्हणून आणलीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्क्रू फिरवायचं काम माझं होतं."

त्यांनी नोंदवही पुढे ओढली आणि चटई आली त्या दिवसापासूनच्या नोंदींतून सातशे वजा करायला बसल्या. दोनशे चौदा ओळी होत्या. एका ओळीवर त्या थबकल्या आणि पिल्लंवाल्या काकांना आत बोलावले. त्यांच्या पिल्लांची आई त्यांच्या पायाशी उभी होती. चटई येण्याआधी ती नऊ-शंभर होती. नंतर आठ-नऊशे, मग आठ-आठशे. वहीत उतार सौम्य दिसत होता. खरे आकडे होते आठ-दोनशे आणि आठ-शंभर. एक किलो गेला होता आणि मी तो झाकला होता.

"मला वाटलं, बरी आहे," काका म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, काट्याकडे बघून. पण हिला आता वीण नाही. अजिबात नाही."

ते वाईट गृहस्थ नव्हते. खुर्चीवर बसले, तिला मांडीवर घेतले आणि बोटांनी तिच्या फासळ्या चाचपत राहिले. पहिल्यांदाच चाचपत असावेत.

घड्याळवाले अजून उकिडवेच होते. त्यांनी आधी कपाटाखाली पाहिले, मग मनगटावर.

"ठकू, हे माझं घड्याळ कसं आहे गं?"

"रोज दोन मिनिटं पुढे जातं."

"पण ते आपल्याला माहीत आहे ना?"

"आहे की."

"मग झालं तर. डॉक्टरबाई, कागदावर सही करा."

मित्रांनो, मी जुना आहे, उद्या भंगारातही जाईन. त्याआधी माझे एवढे ऐका. कुत्रा कागद बघून आणा किंवा पिंजऱ्यातून आणा. त्याचा आकडा मानण्याआधी, तो सांगणारा काटा रिकामा असताना कुठे उभा आहे, हे वाकून बघा. पिल्लू सुंदर असेल तर त्याच्या आईच्या फासळ्यांवरून एकदा हात फिरवा. जो कपाटाखाली बसला आहे त्याला ओढू नका. आणि माझ्यासारख्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावून विसरून जाऊ नका. आम्हाला सांगता येत नाही, म्हणून आमची भीती कमी नसते.

बेचाळीस दिवसांनी ते तिघे पुन्हा आले. माझी काच नवी होती. चटई तीच होती, स्क्रू मात्र फिरवला होता. ठकूने आधी खाली वाकून काटा शून्यावर आहे ना ते पाहिले. घड्याळवाल्यांनी मनगट वर धरले. काथ्या दाराशी उभा राहिला, कपाटाकडे बघत. मग त्याने एक पाय माझ्यावर ठेवला, दुसरा ठेवला, आणि थांबला. कोणी त्याला ढकलले नाही. मग तिसरा, आणि शेवटी तो दुखरा चौथा.

नोंदवहीत डॉक्टरबाईंनी वजन लिहिले. त्याच्यापुढे ठकूने पेन मागून घेऊन आणखी एक रकाना आखला. ती ओळ अशी आहे:

काथ्या. वजन अकरा किलो नऊशे ग्रॅम. काटा थांबायला लागलेला वेळ एकोणीस सेकंद.