सोप्या-कठीण गणितांचे कपाट

मित्रांनो, जरा हळू ओढा. मी एक जुने लाकडी कपाट आहे आणि माझे खण आता अडकतात. ओढणाऱ्याचा हात दुखतो आणि माझीही हाडे करकरतात.

एका शाळेच्या गणिताच्या खोलीसाठी सुताराने मला बनवले. बारा खण, चार उभ्या रांगा. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि सांख्यिकी. वरचे खण सोप्या गणितांचे, मधले मध्यम, तळाचे कठीण. प्रत्येक गणित एकेका कार्डावर लिहिलेले असे. कोणते कार्ड कुठे टाकायचे ते मुख्याध्यापक ठरवत. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. ते कार्ड वाचत, मनातल्या मनात सोडवत आणि टाकून मोकळे होत. आकडेमोड त्यांच्या हातचा मळ होती, म्हणून अंकगणिताचा वरचा खण ओसंडून वाहू लागला. भूमितीशी त्यांचे कधी जमले नाही. तिच्या सोप्या खणात जेमतेम चार कार्डे होती आणि कठीण खणाच्या ओझ्याने माझा तळ वाकला. कौतुक मात्र माझे फार झाले. पाहुणे आले की मला पुसून पुढे करत.

सातवीत एक बारीक आवाजाची मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. एकदा तिला वरच्या खणातले कार्ड मिळाले. तीन पंचमांश मोठे की पाच अष्टमांश? ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

"अगं, सोप्या खणातलं आहे हे!" मोठे सर म्हणाले. "हेही येत नाही? मग पुढचं काय कप्पाळ येणार?"

वर्ग हसला. चिमणीने कार्ड परत ठेवले ते अगदी अलगद, खणाचा आवाजही होऊ न देता. त्यानंतर वर्षभर ती माझ्याजवळ फिरकली नाही. गणिताच्या तासाला तिचे पोट दुखू लागले. मी सगळे पाहत होतो, पण लाकडाला कुठली आली वाचा?

पुढच्या वर्षी गणिताला नव्या बाई आल्या. त्यांनी तेच कार्ड फळ्यावर लिहून साऱ्या वर्गाला सोडवायला दिले. चाळीस मुलांपैकी अकरा जणांना आले. बाई कार्ड घेऊन मोठ्या सरांकडे गेल्या.

"सर, हे सोपं कुणी ठरवलं?"

"मी. का? सोपंच आहे ते."

"तुमच्यासाठी आहे. तुम्ही तीस वर्षं शिकवताय. एकोणतीस मुलं आज चुकली."

सर चिडले. पण बाई हटल्या नाहीत. त्यांनी माझ्या बाराही खणांवरच्या चिठ्ठ्यांवर कोरा कागद चिकटवला. रोज थोडी कार्डे वर्गात वाटायची आणि किती जणांना आले ते कार्डाच्या पाठीवर लिहायचे, असा त्यांनी नेम धरला. दिवसातून शंभरदा माझे खण उघडत आणि मिटत. मी पार थकून गेलो.

एके दिवशी चिमणीच्या हाती एक कार्ड पडले. कोणत्याही चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशे साठ अंशच का येते? तिने चौकोन काढला, समोरासमोरचे कोपरे एका रेघेने जोडले आणि म्हणाली, "दोन त्रिकोण झाले की बाई. एकेकाचे एकशेऐंशी."

"शाबास!"

"सोप्यातलं होतं ना?" तिने खालमानेने विचारले.

"नाही गं. तळातलं होतं."

चिमणीचा विश्वास बसेना. तिने स्वतः त्या खणावरचा कागद सोलून चिठ्ठी वाचली आणि तिथेच हमसून हमसून रडली. मोठे सर दारात उभे होते. ते आत आले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"चूक माझी होती पोरी," ते म्हणाले. "मला जे यायचं त्याला मी सोपं म्हणत आलो."

मग त्यांनी आपल्या हाताने कार्डे हलवली. अपूर्णांक तिन्ही खणांत विखुरले. भूमितीची निम्मी कार्डे वर चढली. माझा तळ हलका झाला, पण वाकला तो वाकलाच. चिमणीची पोटदुखी थांबली, तरी हात वर करण्याआधी ती पुढे कित्येक दिवस आजूबाजूला पाहत असे.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. शाळेत संगणक आला आहे. सोपे आणि कठीण आता तो सांगतो. कुणाला विचारून, ते मला ठाऊक नाही. मला तेल नको, रंगही नको. थकलो आहे, पडून राहीन. पण मित्रांनो, शेजारच्या बाकावर कुणी अडले असेल, तर "इतकं सोपं आहे" एवढे मात्र म्हणू नका. त्याच्याजवळ सरका आणि विचारा, "कुठपर्यंत आलंय तुझं?"