देवीच्या मुंग्या

माझ्या पलंगात ढेकूण आहेत, असं माझ्या सासूबाईंनी तुळजापुरात आमच्या अख्ख्या गल्लीला सांगितलं. अंगावर उठलेल्या गांधी पदर सारून बायकांना दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, नीलाच्या माहेरचं लेणं!"

तो पलंग माझ्या वडलांनी, अण्णांनी, माहेरी लोहाऱ्याला दारचा कडुलिंब पाडून करवून घेतलेला. अण्णा गेल्याला वर्ष झालं. त्यांचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच. लिंबाच्या लाकडात ढेकूण? मी फळी न् फळी सुटी केली, उकळतं पाणी ओतलं, उन्हात टाकली. एक ढेकूण निघाला असेल तर शपथ! तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणतात, "लई हुशार असत्यात, भिंतीत जाऊन बसलेत." आता काय बोलायचं, कपाळ?

आमचं घर पुजाऱ्याचं, आत्याबाईंचा निम्मा दिवस देव्हाऱ्यापुढं जातो. देव्हारा आंब्याच्या लाकडाचा, त्यांच्या सासूकडून आलेला. त्याच्याखाली पिवळा भुगा पडतो आणि बारक्या तांबूस-काळ्या मुंग्या फिरतात. त्या म्हणे देवीच्या मुंग्या. त्यांना झाडू लावायचा नाही, चिमूटभर साखर घालायची. ते काम माझं.

परवा साखर घालताना मनगटाला असा चटका बसला की आई गं! गांध उठली, थेट आत्याबाईंच्या पाठीवरच्यासारखी. बघते तर आदल्या दिवशीची साखर तशीच पडलेली. साखरेला तोंड न लावणारी ही मुंगी मेली कुठली? फोटो काढून लातूरला शेतकी शिकणाऱ्या भावाला पाठवला. आज सकाळी उत्कर्षचा फोन आला.

"ताई, ही मुंगी नाही. बिनपंखाची गांधीलमाशी आहे, स्क्लेरोडर्मस म्हणतात. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला नांगी मारून लुळी करते आणि तिच्यावरच अंडी घालते. माणूस मधे आला की त्यालाही मारते. देव्हारा आतून किडलाय तुमचा. आत अळ्या आहेत तवर ह्या जायच्या नाहीत."

मी एक माशी वाटीत धरली अन् धावत बाहेर आले. दारात टेम्पो उभा! पलंग भंगारात न्यायला आत्याबाईंनी बोलावलेला. पलंग वर चढलाही होता आणि गल्ली ओट्यावर जमली होती.

"थांबा आत्याबाई! चावतंय ते हे!" वाटीतली माशी मी दंडावर ठेवली आणि बोटानं दाबली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्यादेखत गांध उठली. उत्कर्षचं बोलणं सगळं त्यांच्या कानात सांगितलं.

त्यांनी माझा दंड धरून गांध नीट न्याहाळली. मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "न्हे रे पलंग."

"अहो, आता तर दिसलं ना तुम्हाला!"

"दिसलं की." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुजाऱ्याच्या घरचा देव्हारा किडला, हे गल्लीनं बोलायचं व्हय? त्यापरीस तुझ्या बापाचा पलंग किडका असलेला बरा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी नवऱ्याकडं बघितलं. अंबादास टेम्पोच्या टायरकडं बघत होता. बोल की रे! एक शब्द बोल!

मी टेम्पोत चढले आणि पलंगावर मांडी घालून बसले. "पलंग जाईल तिथं मी."

"मग जा की," आत्याबाई म्हणाल्या. "कोण अडवलंय?"

टेम्पोवाला बिचारा घाबरला. "वैनी, कुठं घेऊ?"

"लोहाऱ्याला. माझ्या आईकडं."

गाडी सुरू झाली तसा अंबादास एकदम घरात पळाला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, शर्ट घालून येतोय, माझ्यासोबत येतोय. मीच टेम्पोवाल्याला म्हणाले, "जरा थांबा भाऊ, साहेब येताहेत."

तो आला. हातात माझ्या चपला होत्या. त्या त्यानं टेम्पोच्या पत्र्यावर माझ्यापुढं नीट जोडीनं ठेवल्या.

"घाल," म्हणाला, "पत्रा लई तापलाय."