पडद्यामागचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. सिनेमागृहात पडद्यामागे, लाकडी खोक्यात मला बसवले होते. पडद्यावरची माणसे नुसते ओठ हलवत; त्यांना आवाज मी देत असे. माझ्या तोंडावरचा कागद तेव्हा इतका कोवळा होता, की कोणी दार आपटले तरी तो थरथरे.

एकदा हॉलिवूडचा एक गाण्यांचा सिनेमा आला. जुनाच, काळापांढरा. त्यात एक लहानगी मुलगी गात असे. भाषा कोणाला कळत नव्हती. पण तिने वरचा सूर लावला, की खोकणारे लोकसुद्धा खोकला गिळून बसत. तोच सिनेमा बघायला माणसे पुन्हा पुन्हा येत आणि डोळे पुसत, हसत बाहेर पडत. माझीही वाहवा होई.

झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलगी माझ्या शेजारी बसून तो सिनेमा उलट्या बाजूने बघे. सारखी टिवटिव करते म्हणून ऑपरेटरकाका तिला टिटवी म्हणत. माझ्या जाळीला गाल टेकवून ती गाऊ लागली. आधी चुकतमाकत, मग हुबेहूब. पुढेपुढे माझा आवाज कोणता आणि तिचा कोणता, हे मलाही ओळखू येईना.

मग तिची टिवटिव थांबली. आईने "जेवलीस का गं?" विचारले, की ती सिनेमातली ओळ गाई. परक्या भाषेत, परक्या मुलीच्या गळ्याने.

"पुरे झाली नाटकं," मावशी आधी हसल्या. मग त्यांचे हसू आटले. डॉक्टरांनी तपासले, घसा ठणठणीत होता.

"काका, हा सिनेमा उतरवा हो," त्या काकुळतीला आल्या.

"मावशी, रोज हाऊसफुल्ल आहे. मालक मलाच नारळ देतील."

त्याच दुपारी, गाणे ऐन रंगात असताना, मावशी पडद्यामागे आल्या आणि त्यांनी माझी तार उपटली. मी गप्प झालो. गाणे मात्र चालूच राहिले. टिटवी गात होती, आणि पलीकडे कोणालाही फरक कळला नाही.

मावशींनी तिचा चेहरा ओंजळीत धरला. "बाळा, एकदा मला हाक मार. तुझ्या आवाजात."

गाणे थांबले. टिटवीचे ओठ हलले.

"आई!"

मित्रांनो, ती हाक तिच्या तोंडून आली नाही. माझ्यातून आली. माझी तार तर मावशींच्या हातात लोंबत होती.

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटले, आता मुलीला घेऊन पळतील. पण त्या माझ्यापुढे गुडघ्यांवर बसल्या, त्यांनी जाळी ओरबाडून काढली आणि दोन्ही हातांनी माझा कागद टराटरा फाडला. आतून काहीतरी ऊबदार सरकत निघून गेले.

"आई, तुझा हात कापला गं!" टिटवी ओरडली. आवाज घोगरा होता, भेदरलेला होता, पण तिचाच होता.

पडद्यापलीकडे शिट्ट्या आणि आरडाओरडा सुरू झाला. मावशींची नोकरी गेली. त्यांनी लेकीला छातीशी धरले आणि त्या मागच्या दाराने निघून गेल्या.

आता मी भंगाराच्या दुकानात आहे. जुन्या वस्तूंचे शौकीन येतात, फुंकर मारतात, म्हणतात, "नवा कागद लावला की वाजेल."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, हे खरेच. माझी धूळ पुसा, मला ओलीत ठेवू नका. पण मला दुरुस्त करू नका. टिटवी सुटली, पडद्यावरची ती दुसरी मुलगी मात्र अजून माझ्यातच आहे, आणि तिला गायला सोबत हवी आहे.