कापसाचा ओला बोळा

नमुना पुन्हा तपासायला आणा, असं संग्रहालयातून आलेलं पत्र बाबांच्या नावे होतं, आणि बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. म्हणून बरणी घेऊन मुलगी आली.

बरणीत तळाशी कापसाचा ओला बोळा, त्यावर अंगठ्याएवढी बाटली, सैल झाकणाची. बाटलीत चिमूटभर पिवळं.

बाबा खाणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. तीस वर्षांपूर्वी एका बंद बोगद्याच्या भिंतीवरून त्यांनी रेशमासारखे पिवळे तंतू खरवडून आणले. लोखंडाचं सल्फेटच, पण त्यातल्या पाण्याचं प्रमाण कुठल्याही ठाऊक असलेल्या खनिजाशी जुळेना. त्यांनी निबंध लिहिला. खनिजांच्या यादीत नोंद झाली, पण पुढे शेरा पडला: ‘स्वतंत्र खनिज असल्याबद्दल शंका.’ मग बोगदा पाण्याखाली गेला आणि जगात उरला तो या बाटलीतला नमुना. खाणीत त्यांना ‘पिवळे साहेब’ म्हणत. आई म्हणायची, सवत आणलीत ती आणलीत, निदान मान्यताप्राप्त तरी आणायची. बाबा हसत आणि कापूस भिजवत.

संग्रहपालांनी नमुना नव्या यंत्रात ठेवला. तासभर लागेल म्हणाले, आणि तोवर चाळायला म्हणून बाबांचाच निबंध तिच्या हातात दिला. आठ पानं. तिच्या घरी भिंतभर पुस्तकं होती, पण ही आठ पानं तिनं कधी वाचली नव्हती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: नमुना कोरड्या हवेत ठेवू नये. पाणी एकदा गेलं की परत येत नाही.

तिनं ते वाक्य दोनदा वाचलं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा सतरा दिवस इस्पितळात होते. तेव्हा तिनं त्यांचं कपाट आवरलं होतं. कापसाला बुरशी आलेली. तो फेकला, बरणी पुसली, आणि बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या जपून ठेवलेल्या होत्या, त्यातल्या चार आत टाकल्या. आपण बाबांची ठेव सांभाळली, याचं तिला कोण कौतुक वाटलं होतं. घरी आल्यावर बाबांनी बाटली खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “कपाट छान लावलंस हो.” दुसऱ्या दिवशी बरणीत ओला कापूस परत आला होता. शेवटच्या आठवड्यापर्यंत ते तो भिजवत राहिले. तिला वाटलं, सवय.

यंत्राचा निकाल एका ओळीचा होता. नेहमीचं, कुठेही सापडणारं सल्फेट.

“वाळलंय हे,” संग्रहपाल म्हणाले. “मुळात काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.” मग आवाज मऊ करून, “एवढा काटेकोर माणूस. पण वय झालं की होतं दुर्लक्ष.”

फॉर्मवर नमुना खराब होण्याच्या कारणापुढे त्यांनी लिहायला घेतलं: संशोधकाकडून साठवणुकीत—

“त्यांच्याकडून नाही,” ती म्हणाली. “मी वाळवलं. मुलीनं वाळवलं, असं लिहा.”

“ताई, कशाला मनाला लावून घेता? आता त्यांना काय फरक पडतो?”

“त्यांना पडत होता. मला लागू नये म्हणून तर बोलले नाहीत.”

संग्रहपालांनी चष्मा काढून पुसला. फॉर्मात संशोधक आणि संस्था असे दोनच पर्याय आहेत, मुलीला रकाना नाही, असं त्यांनी समजावलं. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी वाक्य पुरं केलं, शिक्का मारला. शंकेचा शेरा कायम राहिला. आता तो काढायला कुणी येणार नव्हतं.

तिला बरणी परत मिळाली. बसथांब्यावर तिनं झाकण उघडून बोट लावून पाहिलं. कापूस ओला होता. सकाळी निघताना तिनंच तो भिजवला होता, बाबा भिजवायचे तसा, नीट पिळून.