अख्खा दस्ता

तोइवो हार्जूनं दुसरी रायफल काउंटरवरच्या जाड कापडावर ठेवली आणि एकमेकींना ओरखडा नको म्हणून पहिलीपासून वीतभर दूर सरकवली.

“ही त्रेपन्न सालची विंचेस्टर, मॉडेल सत्तर. बोल्ट ओढून बघ, लोण्यातून सुरी! आणि ही ठेंगणी रेमिंग्टन, साठीतली. नळीवर फणी खोचल्यासारखी दिसते, पण जुन्या बंदुका जमवणारे आता हिच्यामागेही लागलेत. वेड्यांना काय, काहीही चालतं.”

आयला हसली. लोकरीची टोपी तिनं भुवयांपर्यंत ओढली होती. टोपीखाली केस नव्हते. चौदा वर्षांची पोर, पण दुकानाच्या पायऱ्या बापाला धरून चढली होती.

हरणांचा हंगाम पुढच्या आठवड्यात उघडणार होता. आयलाचा पहिला, आणि शेवटचा. ‘आता तिला आराम पडेल असं बघा,’ डॉक्टर म्हणाले होते. मरणार म्हणायला जीभ रेटत नाही, मग आराम म्हणतात. तिच्या बापानं, आयनो कांगासनं, त्यांना मनातल्या मनात शिव्या हासडल्या आणि घरी येऊन स्वतः त्याहून मोठी थाप मारली: औषधं थोडे दिवस बंद, जरा ताकद भरू दे. बायकोनं शपथच घातली होती, पोरीला कळता कामा नये.

“ठेंगणीच घेऊ,” आयनो म्हणाला. “हलकी आहे. तिला पेलेल.”

पण त्याचा हात मघापासून सत्तरच्या अक्रोडी दस्त्यावर होता. त्याच्या बापाकडे असलीच होती. तांब्याची खाण बंद पडली त्या वर्षी विकावी लागली. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या भिंतींवरच तिला बघत आला होता. आयलानं त्याच्या हाताकडे पाहिलं.

तोइवोनं ठेंगणी तिच्या खांद्याला लावली. बोट चापाच्या अलीकडेच थांबलं.

“दस्ता इंचभर कापावा लागेल. ही कापतो. सत्तरला मात्र करवत लावायची नाही. माझी आई थडग्यातून उठून आली तरी नाही. मूळ दस्ता कापला की जमवणाऱ्यांच्या लेखी ती रायफल मेली.”

“काप ठेंगणी,” आयनो म्हणाला.

तोइवोनं काउंटरखालून बुटांचं खोकं काढलं. आत दस्त्यांचे कापलेले तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. गावातल्या पोरांच्या पहिल्या रायफली इथेच कापल्या जायच्या. पोर वाढलं की तुकडा परत जोडायचा, ही रीत.

“तुझा बापही होता या खोक्यात. मग ताडासारखा वाढला, मेंदू तेवढा मागे राहिला.” त्यानं कानावरची पेन्सिल काढली. “तूही वाढशील बघता बघता. आलीस की जोडून देतो.”

आयनो भिंतीवरच्या शिंगांकडे बघत राहिला.

“नका कापू, तोइवोआजोबा,” आयला म्हणाली. “तुकडा पडून राहील तुमच्याकडे.”

तोइवोनं पोरीकडे बघितलं, मग बापाकडे. त्यानं खोक्याचं झाकण लावलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभा राहिला.

“सत्तर घेऊ, बाबा.”

“तुला उचलवणारही नाही ती.”

“मी कुठे उचलतेय? तू मार. मी शेजारी बसते, खिम्याची पास्टी खात.”

“अगं, हा हंगाम तुझा आहे.”

“म्हणून तर मी निवडतेय.”

आयनोनं काउंटरची कड धरली.

“कधीपासून माहीत आहे तुला?” त्यानं विचारलं.

“गळ्याखालची औषधाची नळी काढली ना, तेव्हापासून. पुन्हा औषधं द्यायची असती तर ठेवली असती.”

तोइवो पाठ फिरवून कपाटात रायफलीचं पोतडं शोधायला लागला. पोतडं त्याच्या समोरच टांगलेलं होतं.

आयलानं बापाची बाही ओढली. तो खाली वाकला.

“आईला सांग, पोरीनं हट्टच धरला,” ती हळूच म्हणाली. “बाकी काही सांगू नको. तिला वाटू दे, मला माहीत नाही.”