ममताच्या पाठीमागे वाजलेली घंटी

मी घंटी बोलतेय. देवळातली नाही, शाळेतलीही नाही. बैलाच्या गळ्यातली. कांशाची आहे, आणि माझा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं आजवर कोणी केलं नव्हतं. पाच वर्षांच्या एका पोरीने केलं. तिचा मला राग नाही. तिच्या नावापुढे ज्यांनी खुणा केल्या, त्यांची किळस येते. तेच सांगायला तोंड उघडलं आहे.

महागाव तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर खेमसिंग राठोडाच्या बापाने मला ओतून घेतलं. ओताऱ्याला त्याने दोनदा परत पाठवलं. आवाज बसका आहे म्हणाला. तिसऱ्यांदा ओताऱ्याने मला वाजवलं, तेव्हा हा नाल्यापलीकडे जाऊन उभा राहिला. तिथे ऐकू आली, तेव्हा घेतली. वस्तू अशी तपासायची असते. लांब उभं राहून, कान देऊन.

पुढे खेमसिंगचे बैल गेले. मी खुंटीवर काळी पडले. एक दिवस शेजारच्या गावातल्या अंगणवाडीची मदतनीस सुग्राबी आली.

"खेमसिंगभाऊ, ते घंटी द्या मले. लेकरायले जेवाले बोलावू बोलावू माहा गळा बसला."

"ने. पण बैलाची हाय, पोरं हंबरतीन."

तिने मला अंगणवाडीच्या दारात तारेने अडकवलं. खिचडी शिजली की मी वाजायची आणि वीस पोरं धावत यायची. ते दिवस बरे होते.

तिथल्या लोखंडी कपाटात एक पेटी होती. लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, चित्रं, एक खुळखुळा. पोरांची वाढ नीट होते की नाही, हे बघायला आलेली. ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं का, मणी ओवतं का, मागून आवाज केला तर वळतं का. पेटी कायम कुलपात. सेविका सत्यशीलाताई म्हणायची, "एक ठोकळा हरवला त जवाब मले द्या लागते." म्हणून ठोकळे नवे कोरे राहिले.

आणि तपासणी? ती भिंतीला टेकून व्हायची. ताई मोबाईल मांडीवर घ्यायची, पोराचं नाव उघडायची आणि टिक, टिक, टिक. वीस पोरांची वाढ अर्ध्या तासात उरकायची. मग त्याच खुणा प्रत्येक पोराच्या घरी द्यायच्या कार्डावर. एक पोरगा तापाने घरी पडला होता, त्या दिवशी 'एका पायावर उभा राहतो' यावर त्याच्या नावाने टिक झाली. ताईच्या मागे रजिस्टरं फार होती, मोबाईल घडीघडी अडकायचा, हे मी पाहिलं आहे. माझा बैलही थकायचा. पण न नांगरलेलं वावर नांगरलं असं दाखवून तो कधी घरी आला नाही.

ममता ही खेमसिंगची नात. आईबाप ऊसतोडीला जातात, म्हणून पोर आजा-आजीजवळ. तीन वर्षांची असताना अंगणवाडीत आली. गप्प पोर. इथे म्हणायचे, तांड्यावरची आहे, तिला मराठी समजत नाही. घरी आजी लालीबाई म्हणायची, हिचा बापही उशिरा बोलला. खेमसिंगला तेव्हा एकदा शंका आली. तो कार्ड घेऊन आला. त्याला वाचता येत नाही. ताईने वाचून दाखवलं, "आवाजाकडं वळते, टिक. हाक मारली की पाहते, टिक. सगळं बरोबर हाय, बाबा." खाली शिक्का होता. म्हाताऱ्याने कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं आणि दोन वर्षं काही विचारलं नाही.

मी वाजले की पोरं उठायची. ममताही उठायची, पण इतरांचे पाय हलताना बघून. एका दुपारी बाकीची पोरं अंगणात होती. ती एकटी आत, दाराकडे पाठ करून चिंचोके मांडत बसली होती. सुग्राबीने मला वाजवलं. ममता हलली नाही. सुग्राबी तिच्या पाठीशी आली आणि पुन्हा वाजवलं. चिंचोक्यांची ओळ सरळ पुढे जात राहिली.

"ताई, ह्या पोरीले ऐकू येत नाही."

"तांड्यावरची हाय ते. मराठी कुठं समजते तिले."

"घंटीले कोणती मराठी येते, ताई?"

 सत्यशीलाताई मोबाईलकडे बघत म्हणाली, "दोन वर्षं टिक पाठवून राह्यली मी. आता नाही म्हटलं त इचारतीन, इतके दिवस काय करत होती. पुढच्या साली पोरगी शाळेत जाईन, तिथले मास्तर पाहून घेतीन."

आठवड्याने पर्यवेक्षिका मॅडम आल्या. त्या दिवशी पेटी उघडली, फोटोसाठी. ममताने ठोकळे पाहिले आणि आठ ठोकळ्यांचा मनोरा उभा केला. "हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. फोटो काढला. मग हाक मारली, "ममता." शेजारच्या पोरीने तिला कोपराने ढोसलं. ममता वळली. टिक.

सुग्राबीने मला तारेतून काढलं, ममताच्या मागे उभी राहिली आणि जीव खाऊन वाजवलं. एक लेकरू दचकून रडायला लागलं. मॅडमनी कानांवर हात ठेवले. ममताने नववा ठोकळा ठेवला.

सगळ्यांनी पाहिलं. मग मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही खिचडीकडे बघा." आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. पितळी भांड्यात ताक कळकतं, तशी त्या दुपारी मी आतून कळकले.

सुग्राबी संध्याकाळी मला घेऊन तांड्यावर गेली. तिचं ऐकून खेमसिंग भडकला. पिशवीतलं कार्ड काढून त्याने पुढे धरलं.

"माह्या नातीले बहिरी म्हणतं? शिक्का हाय याच्यावर."

"शिक्क्याले कान नसतात, भाऊ. घंटी तुमची हाय. तुमीच वाजवून पाहा."

ममता ओसरीत बसली होती. तो तिच्या मागे गेला. एकदा वाजवलं. तीनदा वाजवलं. मग तिथेच खाली बसला. कार्ड फाडायला हात गेला, तो लालीबाईने धरला. "फाडू नका. दाखवाले लागते."

दुसऱ्या दिवशी एसटीने यवतमाळ. मी पिशवीत, माझी जीभ चिंधीने बांधलेली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कार्ड पाहिलं. "यावर तर ऐकू येतं असं लिहिलंय."

खेमसिंगने चिंधी सोडली आणि मला त्या कार्डावर ठेवलं. "कागद राहू द्या, बाई. हिच्या पाठीमागं जा अन् हे वाजवा."

त्यांनी वाजवलं. मग मशीनवर तपासणी झाली. अगदी थोडं ऐकू येतं, कानाला यंत्र लावावं लागेल, बोलणं शिकवावं लागेल. "दोन वर्षं आधी दाखवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. खेमसिंगने मान खाली घातली. दोन वर्षांआधी तो कार्ड घेऊन अंगणवाडीत गेला होता, हे त्याने सांगितलं नाही. म्हणून मी सांगते आहे.

यंत्र अजून यायचं आहे. मी खेमसिंगच्या खाटेला टांगलेली आहे. अंगणवाडीच्या त्या दारात मी परत जाणार नाही. माझं मागणं एकच. यंत्र कानाला बसलं की ममताच्या पाठीमागे जा, लांब उभे राहा आणि मला वाजवा. वळली, तर टिक करा. नाही वळली, तर तेही लिहा.