दुधाळ रस्सा माझा आहे

मी मियोकच्या पातीतला स्निग्धांश बोलतोय. मियोक म्हणजे समुद्रातलं तपकिरी शेवाळ आणि मी त्यातलं तेल. ओळखलं नाहीत ना? सवय आहे मला. पातीत मी असतो जेमतेम चिमूटभर, त्यामुळे कौतुक होतं ते आयोडीनचं. माझं नाव कुणी काढत नाही.

जिंदो बेटाच्याही पलीकडच्या एका बेटाच्या खडकावर मी जन्मलो. हिवाळ्यात तिथलं पाणी हाडं गोठवतं. तुमचं तूप अशा थंडीत दगड होऊन बसेल. मी मात्र पातळच राहतो, म्हणून लाटांनी कितीही आपटलं तरी पात लवचीक राहते. हा माझा गुण मी छाती काढून सांगणार!

उन्हाळ्यात माल्सुनबाईंनी ओहोटीला खडकावर उतरून आम्हाला कापलं. त्यांची लेक युनबी पोटुशी होती. बाळंतिणीचा पहिला घास मियोकच्या रश्श्याचा. तिच्यासाठीची जुडी दुमडायची नाही, मोडायची तर नाहीच. मोडली तर तिला बाळंतपण जड जातं, असं आमच्याकडे सगळे मानतात. बाईंनी पाती लांबच्या लांब वाळवल्या आणि युनबी बाळंत झाल्याचा फोन येताच जुडी कवेत उभी धरून बोटीत बसल्या.

मोक्पो बंदराच्या धक्क्यावर जावई ग्यूचान गाडी घेऊन आला होता. जुडी डिकीत मावेना. सासूबाई बोचकं उचलायला वळल्या, तेवढ्यात पठ्ठ्याने ती गुडघ्यावर धरून काडकन मोडली.

"जावईबापू! चुलीत घालायची काटकी आहे का ही?"

"आई, मावत नव्हती हो. शेवटी तुकडे करूनच शिजवणार ना?"

"बायको तिकडे अर्धमेली पडलीय आणि तुम्ही अपशकुन करा!"

घरी युनबी पांढरीफटक पडली होती. घास तोंडाशी नेला की तिला उमळून येई. पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं. माल्सुनबाईंनी जुडी कोपऱ्यात टाकली.

"हे मोडकं मी माझ्या लेकीला घालायची नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

मला ओरडावंसं वाटत होतं, बाई, पात मोडली, मी नाही मोडलो!

"आई," आतून युनबीचा क्षीण आवाज आला, "मोडकं तर मोडकं. तुझ्या हातचं असेल तर खाईन गं."

बाई उठल्या. पातेलं चढलं. गरम पाण्यात तपकिरी पाती हिरव्या झाल्या. त्यात मांस नाही, शिंपले नाहीत. होतो तो मीच. थोड्या वेळाने ग्यूचान डोकावला.

"नुसतं हिरवं पाणी दिसतंय. गॅस बंद करू?"

"हात तर लावून बघा! हे खडकावरचं आहे, तुमच्या दुकानातल्या पाकिटातलं नव्हे. याला वेळ लागतो."

लागलाच वेळ. पण मी थेंबाथेंबाने बाहेर पडत राहिलो. पाणी आधी गढूळलं, मग पांढुरकं आणि अखेर हाडांच्या रश्श्यासारखं दुधाळ झालं. बाई झाकण हातात घेऊन बघतच राहिल्या.

"अगंबाई, इतकं दाट कधी उतरलं नव्हतं!"

"मोडल्यामुळे असेल, आई."

"गप बसा हो!" म्हणाल्या खऱ्या, पण हसू काही लपलं नाही.

युनबीने पहिला चमचा गिळला. दोघंही श्वास रोखून उभी. उमळलं नाही. मग तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"आई, अजून वाढ."

जिंकलो मी! आता तिच्या अंगात आहे, तिच्या रक्तात. तुमच्याकडे एकच मागणं, आम्हाला शिजवाल तेव्हा गॅस बंद करायची घाई करू नका. बरं, येतो मी. बाळ रडायला लागलंय आणि युनबीने त्याला पाजायला छातीशी घेतलंय. मला पुढे जायचंय.